आल्याच्या वड्यांचा डबा

गिरगावातली जुनी माणसं मला अजून बॅरिस्टर म्हणतात. लंडन मी फक्त विमानतळापुरतं पाहिलंय, तेही पुढचं विमान चुकलं म्हणून. पण आमच्या चाळीत जो हायकोर्टात उभा राहतो तो बॅरिस्टर, एवढीच व्याख्या होती, आणि ती सुधारायचा कंटाळा मी एकसष्टाव्या वर्षापर्यंत केलाय.

माझं काम बांधकामातल्या भांडणांचं. टॉवर वेळेवर उभा राहिला नाही की बिल्डर कॉन्ट्रॅक्टरकडे बोट दाखवतो, कॉन्ट्रॅक्टर बिल्डरकडे, आणि मग दोघे लवादाकडे येतात. लवाद म्हणजे बहुतेक वेळा एक निवृत्त न्यायमूर्ती, फोर्टातला भाड्याचा थंडगार हॉल आणि बिस्किटांच्या बशा. तिथे कोण खरा यापेक्षा कोणी काय लिहून ठेवलंय याला किंमत. लिहिलं असेल तर घडलं, नसेल तर नाही घडलं. या एका वाक्यावर मी पस्तीस वर्षं पोट भरलंय.

घरी मात्र ते चाललं नाही. कालिंदी, माझी बायको, सहा वर्षांपूर्वी पुण्याला बहिणीकडे राहायला गेली ती तिकडचीच झाली. भांडण झालं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं तर अठ्ठावीस दिवस आधी लेखी कळवावं लागतं." नोटिशीची मुदत अठ्ठावीस दिवसांची असते हे तिला माझ्याकडूनच कळलं होतं. तेव्हापासून दादरच्या तीन खोल्यांत मी आणि फायली.

रमाकांत समेळ माझ्या आयुष्यात आले ते साक्षीदार म्हणून. लोअर परळला मिलच्या जागेवर एक टॉवर व्हायचा होता, तो चौदा महिने रखडला. आम्ही कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने होतो आणि समेळ हे कॉन्ट्रॅक्टरचे साइट इंजिनियर, आता निवृत्त, वय बहात्तर. आमची सगळी केस त्यांच्या डायऱ्यांवर उभी होती. खोदकामात मिलचा जुना दगडी पाया कधी लागला, बिल्डरने नवे नकाशे द्यायला किती दिवस लावले, सगळं त्या माणसाने रोजच्या रोज, वेळेसकट, मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. निवृत्त झाले तरी सवय सुटली नव्हती. शर्टाच्या खिशात छोटी डायरी असायचीच.

"आता काय लिहिता हो?" मी विचारलं होतं.

"काही नाही. नळ गेला, पेपर उशिरा आला. संध्याकाळी सरोजिनीला वाचून दाखवतो. साइटवर होतो तेव्हापासूनची पद्धत आहे. ती म्हणते, तुमच्या तोंडून काही निघत नाही, निदान वहीतून तरी निघू दे."

साक्षीच्या तयारीसाठी ते महिनाभर रोज चार वाजता माझ्या चेंबरमध्ये येत. आमची सॉलिसिटर प्रिती साडेपाचला निघून जाई, पण समेळ बसत. त्यांची गिरगावातली चाळ पुनर्विकासात पाडली होती. शेजारीपाजारी भाड्याच्या घरांत पांगले, कोणी विरारला, कोणी कल्याणला. हे नवरा-बायको परळला एका जुन्या बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर राहायला आले होते. मूलबाळ नव्हतं. माझ्या घरापासून टॅक्सीने दहा मिनिटं.

"लिफ्ट मोजली मी," एकदा ते म्हणाले. "तीन फूट बाय तीन. या बिल्डिंगीत मरायचं तर माणसाने उभ्यानेच मरावं. आडवा झाला तर जिना."

मी हसलो. खरं सांगायचं तर त्या महिन्यात मी जितका हसलो तितका आधीच्या सहा वर्षांत हसलो नसेन. पाच वाजले की मी दाराकडे बघायला लागलो होतो, कारण प्रिती निघाली की खऱ्या गप्पा सुरू होत. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नसतं.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. "सरोजिनीने आल्याच्या वड्या केल्यात. म्हणाली, बॅरिस्टर दिवसभर घसा खरवडतात, त्यांना द्या. डबा सावकाश दिलात तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी हितेंद्र दलाल यांनी त्यांची उलटतपासणी सुरू केली. हितेंद्र म्हणजे बिल्डरचे वकील, हुशार आणि तसेच चिवट. दोन दिवस त्यांनी समेळांना सोलून काढलं, समेळ जागचे हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संपायला हवं होतं. पण लवादसाहेबांना परदेशी जायचं होतं, मग सुट्ट्या, मग हितेंद्रना तारीख नाही. पुढची तारीख पडली दहा आठवड्यांनी.

इथे आमच्या धंद्याचा एक नियम सांगायला हवा. साक्षीदाराची उलटतपासणी सुरू झाली की ती संपेपर्यंत त्याच्या बाजूच्या वकिलाने त्याच्याशी बोलायचं नाही. पढवल्याचा संशय नको. नियम खटल्याबद्दल बोलण्यापुरताच आहे. हवापाण्याच्या गप्पांनी आभाळ कोसळत नाही. पण आमच्यातले सोवळे वकील त्याच्याबरोबर चहासुद्धा घेत नाहीत, आणि मी सोवळ्यांतला सोवळा. हॉलबाहेर मी समेळांना सांगितलं, "आता संपेपर्यंत एक शब्द नाही. मी नाही, प्रिती नाही, कंपनीचं कोणी नाही."

"अगदी डबासुद्धा?" ते हसून म्हणाले.

"अगदी डबासुद्धा."

डबा मी घासून ठेवला. रिकामा परत द्यायचा नसतो एवढं मलाही कळतं. त्यात काय घालून द्यावं याचा विचार मी दहा आठवडे केला, म्हणजे बघा माझ्याकडे किती वेळ होता. जेवणाच्या टेबलावर माझ्या समोरच्या खुर्चीपुढे तो डबा असे. एकदा परळवरून जाताना टॅक्सी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सिग्नलला थांबली. वर चौथ्या मजल्यावर दिवा होता. मी मान फिरवून बसलो. मला फार आठवण येत होती त्यांची, आणि आपण नियम पाळतोय याचा अभिमानही होता. दोन्ही एकदमच होतं.

पाचव्या आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी सात दहाला, मोबाइल वाजला. स्क्रीनवर रमाकांत समेळ. मी चहा पीत होतो. कोर्टाला सुट्टी होती, पेपर वाचून झाला होता, करण्यासारखं काहीही नव्हतं. मी फोन पालथा घातला आणि तो वाजायचा थांबेपर्यंत बघत बसलो. मग प्रितीला मेसेज केला: साक्षीदाराला कळव, उलटतपासणी चालू असताना वकिलांना फोन करू नये. तिने साडेदहाला कळवलं. त्यांचं उत्तर तिने मला पाठवलं. "ओके. सॉरी."

झालं, म्हटलं. शिस्तीचा माणूस आहे.

तारीख आली. मी त्या दिवशी बॅगेत डबा घेऊन गेलो होतो. आत दादरहून आणलेले डिंकाचे लाडू. आज साक्ष संपणार, बाहेर पडलं की डबा द्यायचा आणि दोघांनी कुठेतरी बसून चहा प्यायचा, असा माझा बेत. समेळ आले ते मला वाळलेले वाटले. शर्ट इस्त्रीचा, पण कॉलर गळ्याभोवती सैल. मी मान हलवून नमस्कारही केला नाही. अजून साक्ष चालू होती.

हितेंद्रनी सुरुवात ठरलेल्या प्रश्नाने केली. तारीख लांबली की आम्ही सगळेच हा प्रश्न विचारतो.

"मिस्टर समेळ, गेल्या तारखेनंतर तुम्ही या साक्षीबद्दल कोणाशी बोललात?"

"नाही."

"तुमच्या वकिलांशी काही संपर्क?"

समेळांना खोटं बोलता येत नव्हतं. तीच तर आमची केस होती. "एकदा फोन केला होता. साहेबांनी उचलला नाही."

हितेंद्र सरळ बसले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बसलो असतो. उलटतपासणीच्या मध्येच साक्षीदार वकिलाला फोन करतो म्हणजे साक्षीदाराला काहीतरी विचारायचं होतं, आणि तसं ठरलं तर डायऱ्यांसकट आमची केस गाळात.

"फोन का केला होता?"

"खासगी काम होतं."

"कसलं खासगी?"

समेळांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदाकडे पाहिलं. अशा वेळी वकिलाने साक्षीदाराकडे बघायचं नसतं. मानेचा हलकासा इशारासुद्धा चालत नाही. तोवरची सगळी उत्तरं त्यांनी इंग्रजीत दिली होती. हे मराठीत दिलं.

"त्या दिवशी पहाटे माझी पत्नी वारली. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. जिन्यावरून खाली आणायला वॉचमन होता, खालचा इस्त्रीवाला होता आणि मी होतो. चौथा माणूस पाहिजे होता."

हितेंद्र मुंबईतच वाढलेले. त्यांना शब्द न् शब्द कळला. ते उठून हळूच म्हणाले, "आय ॲम सॉरी," आणि पाण्याचा ग्लास स्वतः समेळांपुढे नेऊन ठेवला. मी कागदच बघत होतो. कागदावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

लवादसाहेबांनी घसा साफ केला आणि स्टेनोला उत्तर इंग्रजीत सांगितलं: साक्षीदाराने खासगी कारणासाठी एकदा फोन केला. फोन उचलला गेला नाही. स्टेनोने टाइप केलं. लिहिलं गेलं, म्हणजे घडलं.

पुढची उलटतपासणी वीस मिनिटांत उरकली. लवादसाहेबांनी मला विचारलं, "फेरतपासणी, मिस्टर कर्णिक?"

म्हणजे मला आता माझ्या साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क होता. त्या क्षणी मला फक्त एकच प्रश्न विचारायचा होता, आणि त्याचा मिलच्या पायाशी काही संबंध नव्हता. मी उठून म्हणालो, "नाही." साक्षीदार मोकळा झाला.

पॅसेजमध्ये ते बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"आता बोलायला चालतं ना?" त्यांनी विचारलं.

"चालतं." ज्या घशासाठी त्या बाईने वड्या केल्या होत्या, तो ऐन वेळी बसला. "रमाकांतराव, मी जागा होतो. मी नुसताच बसलो होतो घरी. दहा मिनिटांत आलो असतो."

"तुम्ही नियमाप्रमाणे केलंत. चूक माझी. मी गडबडलो होतो, आणि फोनच्या यादीत नंबर वरच होता तुमचा." ते पट्ट्याशी झटत राहिले. "दूधवाला आला मग. चांगला माणूस. शेवटपर्यंत थांबला."

"निदान प्रितीला तरी सांगायचं होतंत."

"प्रितीशीही बोलायचं नाही म्हणाला होतात."

म्हणालो होतो. मी बॅग उघडून डबा काढला. ज्याच्या घरात असं झालंय त्याच्या हातात लाडू ठेवायचे, याची मला भयंकर लाज वाटली, पण डबा तर त्यांचाच होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि झाकणावर कोरलेलं नाव अंगठ्याने पुसलं. स. र. समेळ.

"दोनदा विचारलंन तिने, डबा आला का म्हणून. मी सांगितलं, साक्ष संपली की येईल. तर तिला वाटलं, तुम्हाला वड्या आवडल्या नाहीत. म्हणाली, आलं जास्त झालं बहुतेक."

"आवडल्या हो," मी म्हणालो. "त्याच संध्याकाळी संपवल्या. ओट्यापाशी उभ्या उभ्या. सगळ्या."

समेळांनी डबा मांडीवर ठेवला, खिशातली छोटी डायरी काढली, घड्याळात बघितलं आणि लिहिलं. मग सवयीने वाचून दाखवलं. "चार दहा. वड्या आवडल्या. आलं बरोबर होतं. बॅरिस्टरसाहेबांनी समक्ष सांगितलं."

आलं बरोबर होतं असं मी म्हणालो नव्हतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने न घडलेलं लिहिलं असेल. मी हरकत घेतली नाही.

"आता संध्याकाळी कोणाला वाचून दाखवता?" मी विचारलं.

ते पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले.

"मला फोन करत जा. सात वाजता. मी घरीच असतो."

"उचलाल?"

टोमणा नव्हता त्यात. त्या माणसाला टोमणा मारता येत नव्हता. साइटवर सिमेंटची गाडी नक्की येणार ना, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं.

"उचलेन," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.