नागोरावांना तलवार देणारा राजा

मी तसबीर बोलतेय. अंगावरच्या पिवळट डागांवर जाऊ नका. दिग्रसच्या दुकानात यंदाच छापली मला. डाग मुद्दाम टाकलेत. जुनं दिसलं की म्हातारे हात जोडतात, विचारत काही नाहीत.

माझ्यातला राजा कोण, मलाही ठाऊक नाही. मुकुट नाटकातला, मिशी जाहिरातीतली. पायाशी दरारा म्हणून वाघ, डोक्यामागे देवाची मंजुरी म्हणून तेजोवलय. समोर पांढऱ्या सफारीत नागोराव.

सरपंच म्हणून निवडून आल्या भागीरथाबाई. पण दोन वर्षं खुर्चीत बसले त्यांचे नवरे, हेच नागोराव. बाईंनी घरी भाकरी थापता थापता सह्या करायच्या.

"राजा मले तलवार देऊन राह्यला, असं दाखव," नागोराव दुकानातल्या रोशनला म्हणाले.

"पण काका, सरपंच तं काकू हायेत ना?"

"तुले छापाचं हाये का इचाराचं? अन् राजा थोडा बुटका कर. माह्यापेक्षा उंच दिसते."

राजा बुटका झाला. मला ग्रामपंचायतीत सरपंचाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलं. आल्यागेल्याला म्हातारे सांगू लागले, "खुद्द राजानं तलवार देल्ली, मंग खुर्ची त्याईचीच." शरम नावाची चीज नाही! मतं दिली बाईला, हात जोडले कागदाला.

मग ग्रामसभा आली. गावच्या बोअरवेलची मोटर जळून सहा महिने झालेले. नवीन मोटरीचा ठराव होता. त्या दिवशी भागीरथाबाई स्वतः आल्या.

"उठा. मले सभा घ्याची हाये."

नागोरावांनी माझ्याकडे बोट केलं. "पाह्य तं खरी, राजानं कोणाले देल्ली तलवार?"

"मंग ठरावावर त्याचीच सही घ्या." बाईंनी पेनाला टोपण लावलं अन् निघाल्या.

ग्रामसेवक घाबरला. "भाऊ, सही नाही तं ठराव नाही."

मागून बाया ओरडल्या, "उठा ना भाऊजी! पाणी तुमी आणून देता काय?"

नागोराव उठले. बाई बसल्या. ठराव झाला, मोटरही आली.

आता बाई रोज बसतात. त्यांच्या डोक्याआड छापील नागोराव पार झाकले जातात, अन् राजा तलवार बाईंनाच देतोय असं दिसतं. म्हातारे खूश.

म्हणून हात जोडते, मला उतरवा. ही बाई तुमच्या मतांनी अन् स्वतःच्या हिमतीनं बसली आहे. मी इथं राहिले, तर उद्या तुम्ही म्हणाल, राजानं बसवली.