लाल जर्सी आणि सुरक्षित संघाची ढाल

मित्रांनो, मी एक जुनी लाल जर्सी आहे. सध्या फडकं म्हणून कामाला आहे, पण नाक मुरडू नका. त्या कामाला आमचे कोचसाहेब समर्थ आहेत.

१९८४ साली मी पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात आले. हा खेळ डोक्याने खेळतात, म्हणजे टकरीपुरतं डोकं वापरतात. सरावात जो दुखावलेला असेल, त्याच्या अंगावर मी. मला पाहिलं की धडक द्यायची नाही, असा दंडक होता. माजलेले गडीही मला वळसा घालून जात. काय तो माझा रुबाब!

मग पद्मिनीबाई आल्या. किती खेळले, किती जखमी झाले, यावर त्या पीएचडी करत होत्या. कोचसाहेब माहिती द्यायला रोज विसरत. कंटाळून बाई कुंपणापाशी उभ्या राहून लाल जर्स्याच मोजू लागल्या. आकडा छापून आला आणि साहेबांचं नाक कापलं गेलं. त्यांनी लगेच आम्हाला मैदानालगतच्या जाळीच्या कपाटात कोंडलं. जर्सी बंद, दुखापत बंद! एवढी अक्कल एका माणसात कशी मावली, कोण जाणे.

एकदा गिरीश, बाईंच्या मैत्रिणीचा मुलगा, सुजलेला गुडघा घेऊन सरावाला नेहमीच्या पांढऱ्या जर्सीत उतरला.

"अरे, लंगडतोयस का?" बाईंनी विचारलं.

"आय ॲम फाइन, मावशी. रेड मागितली तर कोच मला ड्रॉप करेल."

"पण रेड नाही तर मी इंज्युरी काउंट कशी करू? डेफिनिशनच तशी केलीय मी!"

बाई व्याख्या कुरवाळत बसल्या. गिरीश मैदानात पळाला. पांढऱ्या जर्सीला कोण वळसा घालतो? दोघं त्याच्या गुडघ्यावर आदळले. मी कपाटातून नुसती बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

बाईंनी नियमाप्रमाणे शून्य लिहिलं. वर्षअखेरीस आम्हाला 'सर्वांत सुरक्षित संघ' म्हणून ढाल मिळाली. समारंभाला गिरीश कुबड्या घेऊन आला आणि सगळ्यांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. तो पुन्हा कधी धावला नाही.

ती ढाल आता माझ्यानेच पुसतात.

मित्रांनो, मला जपू नका, मी फडकं आहे. पण कोणी लंगडत आला, तर त्याच्या कपड्यांचा रंग मोजत बसू नका. कुठे दुखतंय, ते विचारा. तो 'आय ॲम फाइन' म्हणाला, तर खाली वाका आणि त्याचा गुडघा बघा.