वी-वनला हात काढतात

वहिनीनं दादाचा हात सोडला, असं आमची आत्या अजून चारचौघांत सांगते. शेवटच्या घटकेला, तो टक लावून बघत असताना सोडला म्हणे. आत्या खोलीच्या दारातच उभी होती, तिनं पाहिलं ते खरं आहे. पण डोळे उघडे असले म्हणजे दिसतंच असं नाही. आत्याला तर जन्मात दिसणार नाही.

माझा दादा मोठ्या प्रवासी विमानांचा कॅप्टन होता. घरात गॅस पेटवायला घाबरायचा, ते सोडा. जेवणं झाली की टेबलाची धावपट्टी व्हायची, मिठाची बरणी म्हणजे विमान, आणि वहिनी को-पायलट.

"अहो, पण एवढं धूड वर जातं कसं?" नवीन असताना तिनं विचारलं होतं.

"वारा समोरून घ्यायचा. पंखांच्या मागच्या फळ्या खाली सोडायच्या, म्हणजे कमी वेगातही पंख वजन पेलतात. मग इंजिनांचे दांडे पुढं ढकलायचे. पण माझा हात दांड्यांवरच. काही बिघडलं तर झटकन मागं ओढायचे आणि थांबायचं. को-पायलट वेग बघत असतो. ठरलेला वेग आला की तो म्हणतो, 'वी-वन'. तेव्हा मी हात काढतो."

"ऐन वेळेला हात काढता?"

"ऐन वेळेलाच. त्यापुढं थांबायला धावपट्टीच उरत नाही. एक इंजिन गेलं तरी वरच जायचं. हात तिथं राहिला तर घाबरून ओढला जातो, मग सगळेच खड्ड्यात. पुढं नाक उचलायचं, पण सावकाश. घाई केली तर शेपूट घासते."

"शेपूट राहू दे, आधी भांडी घासा."

तेव्हापासून घरात तो शब्दच झाला. दुकानात कापडाला कात्री लागली, की वहिनी म्हणायची, "वी-वन!" दूध उतू गेलं, तरी वी-वन. दादा लगेच दोन्ही हात वर करायचा.

मग त्याची फुप्फुसं गेली. शुद्धीत असतानाच त्यानं वहिनीला बजावलं होतं, घशात नळी नको, मशीन नको. तिनं मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं?

त्या दुपारी हॉस्पिटलात त्याचा श्वास अडकायला लागला. डॉक्टर आले. "नळी घालू, मशीनवर ठेवू. प्रयत्न सोडायचा नसतो."

"त्यानं बरा होईल?" मी विचारलं.

"पुढचं पुढं बघू."

पुढचं पुढं म्हणणाऱ्याच्या हाती कोणी विमान देत नाही. माणसं मात्र खुशाल देतात.

वहिनीनं दादाचं मनगट घट्ट धरलं होतं. "घाला नळी," ती म्हणाली. दादानं तोंडावरचा मास्क बाजूला सारला.

"वी-वन."

नर्स खाली वाकली. "नाही हो काका, वॉर्ड वन नाही, हा वॉर्ड थ्री."

वहिनीला हसू फुटलं. खरंच, मोठ्यानं हसली. आणि हसता हसता तिचा चेहराच पिळवटला. इतकी वर्षं शब्द तिनं उच्चारायचा आणि हात त्यानं काढायचा. त्या दुपारी उलटं झालं होतं. तो वाट बघत होता.

"नको नळी," ती डॉक्टरांना म्हणाली.

मग तिनं हात काढला. एक एक बोट सोडवत, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा. दादानं मान हलवली, अगदी थोडी.

"अगं, सोडतेस काय त्याला!" दारातून आत्या किंचाळली.

संध्याकाळच्या आत दादा गेला. सावकाश गेला. शेपूट कुठं घासली नाही.

परवा आत्या जेवायला येऊन पुन्हा तेच बोलली. मी ताट सरकवून उठले. वहिनीनं मला खाली बसवलं. आत्या गेल्यावर मी चिडून म्हणाले, "सांगत का नाहीस तिला एकदाचं?"

"काय सांगू? सोडलाच की मी."

मिठाची बरणी टेबलाच्या टोकाला होती. वहिनीनं ती जवळ ओढली, परत ठेवली. मग तो उजवा हात मांडीवर घेतला, टेबलावर ठेवला, पुन्हा मांडीवर घेतला.

"एक सांगायचं राहिलंच बघ त्यांचं," ती म्हणाली. "काढल्यावर तो ठेवायचा कुठं?"