हाकेची खूण

नाव गजराबाईनंच दिलं होतं. पुढं कित्येक दिवस तिला तेवढंच टोचत राहिलं.

साल दोन हजार सहा, पौषाचं ऊन अंगणात उतरलेलं. पिंपरी पेंढारच्या त्या घरात तेव्हा ती एकटीच. धनी दिवाळी सरताच मेंढरं घेऊन घाट उतरले होते, ती आता कोकणातल्या कुणाच्या तरी शेतात बसवलेली असणार. धाकटी लेक पुष्पा ओतूरला कॉलेजात. सोबतीला काय, तर दावणीची म्हातारी मेंढी, चांदी. तिला घाट उतरवत नव्हता, म्हणून मागं ठेवलेली. आई मेलेल्या या चांदीला थोरल्या लेकानं भैरवनाथानं, म्हणजे नाथानं, बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तोच नाथा सहा वर्षांमागं बापाशी शब्दाला शब्द लागून निघून गेला, तो परतला नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. जात्यावर बसलं की ओवीत त्याचं नाव आपसूक यायचं, आणि दळण तिथंच थांबायचं.

कोनाड्यातला बिनतारेचा फोन पुष्पानं हट्टानं घेतला होता. दर गुरुवारी धनी कोकणातल्या बूथवरून बोलायचे. खरखर फार, पण आवाज ओळखायचाच. आपल्या माणसाला ‘कोण’ म्हणून विचारणं म्हणजे दारी आलेल्या पावण्याला उंबऱ्याबाहेर उभं करणं, असं गजराबाईला वाटे.

त्या दिवशी वार गुरुवार नव्हता. पलीकडून कुणी खोकलं, आणि बसक्या गळ्यानं म्हणालं, “आई, वळखलं न्हाई का?”

आई. सहा वर्षांनी तो शब्द कानात पडला.

“नाथा? नाथाच ना रं तू?”

“नाथाच, आई.”

मग तो भराभरा बोलत गेला. गाडीनं ठोकरलंय, परमुलखात दवाखान्यात पडलोय, डॉक्टर पैशाबिगर हात लावत नाहीत. मित्राच्या खात्यात आजच पैसे टाक. आणि कुणापाशी बोलू नकोस, बापाला तर मुळीच नको, मला लाज वाटते. गजराबाईनं चुलीतला कोळसा उचलला, तो सांगेल तसे खात्याचे आकडे भिंतीवर ओढले. थोड्या वेळानं पुन्हा करतो म्हणून त्यानं फोन ठेवला.

तिनं पेटी उघडली. तळाशी फडक्यात बोरमाळ होती, नाथाच्या बायकोसाठी राखलेली. सून आली नव्हती, पण माळ दर दसऱ्याला उजळून ठेवलेली. लुगडं बदललं, माळ कनवटीला खोवली. ओतूरच्या सोनाराकडं जायचं, तिथून बँकेत. एसटीला अजून वेळ होता. तिनं चांदीपुढं पाला टाकला आणि तिच्या कानाशी वाकून सांगितलं, “तुझा नाथा घावला गं.”

तेवढ्यात फोन परत वाजला. निघालीस का, असं तो विचारत होता. आवाजात घाई होती, कण्हणं नव्हतं. पण गजराबाईला ते कुठलं उमगायला. तिला त्याची परीक्षा घ्यायची नव्हती, तिला नुसतं सुख हवं होतं. तिनं फोन दावणीपाशी नेऊन चांदीच्या कानाला लावला आणि म्हणाली, “नाथा, चांदी हितंच हाय रं. तिला एकडाव हाक दे.”

मेंढपाळांच्या प्रत्येक वाड्याची मेंढरांना हाकायची हाक निराळी. यांच्या घरची म्हणजे जिभेच्या दोन टिचक्या आणि मग वर चढत जाणारा लांब ढेर्रऽऽ. लहानपणी नाथा झोपेतसुद्धा ती द्यायचा.

पलीकडून तो म्हणाला, “कोण चांदी? आई, वेळ न्हाई, पैशाचं बघ.”

चांदी पाला चघळत राहिली. कान हलला नाही.

गजराबाई खाली बसली. ऐकलेलं एकेक बोलणं ती सुपातल्या दाण्यासारखं पाखडू लागली. नाव कुणी दिलं? मीच. त्याच्याकडचं असं काय आलं? एक ‘आई’. ती तर कुणालाही म्हणता येते.

“तू माझा नाथा न्हाईस,” ती हळू म्हणाली. “पर तुलाबी कुणी जल्माला घातलं आसंल. तिला कर फोन.”

तिकडून फोन कट झाला. सहा वर्षांनी घावलेला लेक अर्ध्या तासात दुसऱ्यांदा गेला होता. ती रडली नाही. एसटी येऊन गेल्याचा आवाज तिनं बसल्या जागी ऐकला.

दुपारी शेजारची लंकाबाई विरजण मागायला आली. भिंतीवरचे आकडे कसले ते गजराबाईनं सांगितलं, तशी तिची वाटी हातातच राहिली. घरी जाऊन तिनं देव्हाऱ्यामागची बँकेची पावती आणली, आणि दोघींनी एकेक आकडा बोटानं जुळवला. सगळे जुळले. लंकाबाईला भाद्रपदात असाच फोनवर भाचा ‘सापडला’ होता.

“चार महिने कुणाला बोलले न्हाई, गजरा,” ती म्हणाली. “पैसं गेलं ते गेलं. मी त्याला आशीर्वाद दिला गं, तोंड भरून.”

गजराबाईनं तिचा हात धरला. “तू तवाच बोलली आसतीस, तर म्या आज पेटी उघडली नसती.” लंकाबाईनं मान खाली घातली. गजराबाईच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, तरी लागायचं ते लागलं.

संध्याकाळी पुष्पानं आकडे वहीत उतरवले, आणि सकाळी लंकाबाई पावती घेऊन तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेली. वाटेत भेटेल त्या बाईला ती स्वतःचीच फजिती सांगत होती.

गुरुवारी फोन वाजला. “म्या बोलतोय,” पलीकडून आवाज आला.

“म्या कोण?”

तीस वर्षांच्या संसारात धन्यांना असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मग काय झालं ते तिनं सगळं सांगितलं, आणि म्हणाली, “हाक द्या.”

“आगं, बूथवर मान्सं हायती.”

“आसू द्या.” तिनं फोन अंगणाकडं धरला.

जिभेच्या दोन टिचक्या आल्या, मग ढेर्रऽऽ. मागं कुणीतरी हसलं. अंगणात चांदी धडपडत उभी राहिली आणि दाराकडं बघू लागली.

“बरं,” गजराबाई म्हणाली, आणि तिला मग रडू आलं.

फोनचा नंबर बदलू या, असं पुष्पा म्हणाली होती. आईनं बदलू दिला नाही. नंबर दुकानात दिलेला होता, नाथानं विचारला तर गावात कुणीही सांगितला असता. फक्त आता वाजला की ती उचलते आणि गप्प राहते. नाव ती देत नाही. ज्याचं आहे त्यानं येऊन घ्यावं.