शालनच्या डाव्या बुटाचा राग

मी एक जुना बूट आहे. रोजच्या वापरातला नव्हे, पळण्याच्या शर्यतीचा. तळाला खिळे असलेला. मैदानावर मला स्पाइक्स म्हणतात. मी डाव्या पायाचा. उजव्या पायातला माझा जोडीदार स्वभावाने गरीब आहे, त्याला कशाचंच काही वाटत नाही. मला वाटतं. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेलो आहे, आणि आज मनातलं सगळं बोलून टाकणार आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. गोंदाचा वास आठवतो, आणि तळाला एकेक खिळा पिळून बसवणारा कुणाचा तरी हात. पुढे मी ओतूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या आरोहीच्या पायात आलो. पोरगी चांगली पळायची. मग तिला चाकणला नोकरी लागली, ती गेली आणि मी घराच्या माळ्यावर गेलो. तिथे उंदरांनी माझी नाडी खाल्ली. कुणी विचारपूस केली नाही. तोवर मला राग येत नव्हता, नुसतं वाईट वाटायचं.

एका सकाळी आरोहीच्या आईने, शालनने, मला खाली काढलं. शालन तेव्हा पंचेचाळिशीची होती. शाळेत असताना ती पोरांच्याही पुढे पळायची. लग्न झालं आणि पळणं संपलं. पण मोठ्या वयाच्या माणसांच्याही शर्यती असतात, वयाप्रमाणे गट असतात, त्याला मास्टर्स म्हणतात, हे आरोहीने तिला फोनवर सांगितलं, आणि बाईच्या अंगात वारं शिरलं. माझ्या नाडीच्या जागी तिने सुतळी ओवली, लेकीची ट्रॅक पँट चढवली आणि दिवस उजाडायला आम्ही बैलगाड्याच्या घाटात जाऊन उभे राहिलो.

घाट म्हणजे आमच्या गावची बैलगाडे पळवायची चढाची धावपट्टी. यात्रेला तिथे माणूस मावत नाही. एरवी ती मोकळी असते. मैदान जवळ नव्हतं म्हणून शालन तिथे पळायची. मुरमाने माझे खिळे झिजले, पण मी तक्रार केली नाही. तिचा पाय माझ्यात पडला की मला कळायचं, हा पाय पळण्यासाठीच आहे. टाचेला भेगा होत्या, बोटं मात्र जमिनीला अशी धरायची की काय सांगू!

पहिल्याच हिवाळ्यात राज्य स्पर्धेत, शंभर मीटरला, तिने कांस्यपदक आणलं. गावात कौतुक झालं. फाट्यावर फ्लेक्स लागला. मध्यभागी नवऱ्याचे, रामदासचे, चार बैल. खाली एका कोपऱ्यात पदक घेतलेली शालन. माझा फोटो नव्हताच. पण तेही मी हसून सोडून दिलं.

राग आला तो पुढच्या वर्षी.

रामदास आणि त्याचा धाकटा भाऊ सुदर्शन ही गाडामालकांची जोडी. त्यांचे बैल नुसते शर्यतीचे. त्यांना नांगर नाही, पाभर नाही, काही नाही. सकाळी दूध, अंडी, भिजवलेली उडदाची डाळ, दुपारी सावली, संध्याकाळी हात फिरवून मालिश. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पळणाऱ्याला तसंच जपायला हवं. माझं म्हणणं पुढचं आहे.

हिवाळ्यात कांद्याची लागवड असते. शालन दिवसभर वाफ्यात कमरेतून वाकून रोपं लावायची. घरी आल्यावर गोठा, धारा, सगळ्यांच्या भाकऱ्या. आणि पहाटे घाटात सराव. तिच्या मांडीची मागची शीर दोरखंडासारखी ताठायची. पाय उचलायचा तर पाय उचलत नसे. तो जमिनीवर पडायचा, आणि तळाशी असल्यामुळे ते सगळ्यांत आधी मला कळायचं. शर्यतीच्या दिवशीही ती घरातल्यांचा स्वयंपाक उरकून जीपने आळेफाट्याला, तिथून एसटीने मैदानावर, उतरली ती थेट रेषेवर. सहावी आली.

उन्हाळा सरला तसा टोमॅटोचा तोडा सुरू झाला. क्रेट उचलून उचलून कंबर धरली. त्या शर्यतीत ती अर्ध्यातच लंगडत बाहेर आली. पुन्हा हिवाळा, पुन्हा लागवड, आणि राज्य स्पर्धेत ती शेवटून दुसरी.

आता घरात जो तो डॉक्टर झाला. सुदर्शन म्हणाला, "वहिनी, बूट जुना झालाय, त्याच्यानं व्हतंय." रामदास म्हणाला, "वय झालं गं. लई वढू नको." मी! माझ्यामुळे! मित्रांनो, माझ्या तोंडाला जीभ असती तर मी त्या दोघांना असं झाडलं असतं की यात्रेपर्यंत त्यांनी तोंड वर केलं नसतं. जीभ आहे, पण ती नाडीखालची, काही कामाची नाही.

आणि शालनचाही मला कमी राग नव्हता. तिला वाटलं, आपले पायच कामचुकार झालेत. दमली की ती सराव वाढवायची. मांडी ताठली की घाटात आणखी दोन फेऱ्या मारायची. पायांना शिव्या द्यायची. एकदा तर शर्यतीहून आल्यावर तिने मला काढून गोठ्याच्या भिंतीवर भिरकावलं. म्हणाली, "आता चैतातली एक स्पर्धा पळते. न्हाई जमलं तर पुन्हा माळ्यावर." माझ्यासाठी ते नवं नव्हतं. पण त्या बाईकडे आपलं स्वतःचं असं पळणं एवढं एकच उरलं होतं, आणि तेच ती माळ्यावर टाकायला निघाली होती.

मग चैत्र आला. एकीकडे यात्रा तोंडावर, दुसरीकडे शालनची स्पर्धा, आणि रानात कांदा काढायला आलेला. त्या दिवसांत बादल नावाचा बैल सरावात मागे रेंगाळला. झालं! घरात सुतक पडल्यासारखी कळा आली. सुदर्शनने बैलाच्या मागच्या मांडीवर हात दाबला आणि म्हणाला, "शीर ताठलीया, दादा. शीणलाय त्यो. आठ दिस जुपायचा न्हाई."

"यात्रा हाय की रं," रामदास म्हणाला.

"असू दे. शीणलेला बैल पळवला तर जल्माचा मोडंल. आधी इसावा, मंग बारी."

बारी म्हणजे घाटातली शर्यतीची धाव. रामदासने मान डोलावली आणि घरात हाक दिली, "अगं, पानी तापव! बादलला शेकायचंय."

शालन कांदे काढून नुकतीच आली होती. हाताला माती तशीच. तिने चूल पेटवली, पाणी तापवलं, बादली उचलून गोठ्यात आणली. मी तिथेच भिंतीशी पडलो होतो. सुदर्शन फडकं बुडवून बैलाची मांडी शेकू लागला. रामदास तेल चोळू लागला. बैल डोळे मिटून उभा. शालन बघत राहिली. मग तिचा हात आपोआप तिच्या स्वतःच्या मांडीमागे गेला, आणि तिथेच थांबला.

"भावजी," ती म्हणाली, "माझी मांडी तीन शर्यती झाल्या अशीच ताठलीया. मला कुनी आठ दिस सोडलं का?"

सुदर्शनचा हात थांबला. रामदास हसला. खरंच हसला तो! "अगं, ह्यो शर्यतीचा बैल हाय."

"अन् मी कशाची हाय?"

रामदास पुन्हा बैलाला तेल चोळू लागला.

"बोला की. ह्याला औताला जुपता का? मला लागवडीत वाकवता, क्रेट उचलाया लावता, वर पळाया बी मीच. हरले की वय झालं म्हनता, बूट जुना झाला म्हनता. बैल हरला तर त्याचं वय काढता का तुमी? त्याची मांडी बघता. माझी कुनी बघितली?"

"रानात कांदा निघालाय, शालन," रामदास जरा नरमून म्हणाला. "तुझ्याबिगर कसं व्हायचं?"

"बादलबिगर जसं व्हतंय तसं."

तिने उरलेलं गरम पाणी उचललं, दावणीशेजारच्या दगडावर बसली आणि पाय शेकू लागली. मित्रांनो, मी आनंदी झालो असं तुम्हाला वाटेल. नाही झालो. मला आणखी संताप आला. या घराला पळणाऱ्याच्या अंगातलं सगळं ज्ञान होतं. ताठलेली शीर हाताला कळत होती, विसाव्याची किंमत माहीत होती. तेच ज्ञान दोघे भाऊ रोज चुलीपाशी वाकलेल्या बाईच्या अंगावरून ओलांडून गोठ्यात नेत होते. आणि बाईसुद्धा पाणी तापवून त्यांना मदत करत होती.

तिने बोलल्याप्रमाणे केलं. आठ दिवस रानात गेली नाही. बाया लावाव्या लागल्या, आणि रामदास स्वतः कांदे काढायला वाकला. दुसऱ्याच दिवशी तो "आई गं" करत उठायला लागला. सुदर्शन चहा टाकायला शिकला. चांगला झाला नाही, पण शालन मुकाट्याने प्यायली. शेजारणी येऊन म्हणून गेल्या, "बरं हाय बाई तुझं." शालन झोपली, हलकंच चालली, अंगणात पाय ताणत बसली. घाटाकडे फिरकली नाही. दूध-अंडी तिने बैलांच्या आधी स्वतःसाठी काढून घेतली.

स्पर्धेला रामदास बरोबर आला. शालनने मला घट्ट बांधलं. रेषेवर ती वाकली तेव्हाच मला फरक कळला. पाय हलका होता. बंदुकीचा आवाज झाला आणि आम्ही सुटलो. माझे झिजलेले खिळे मातीत रुतत होते आणि लगेच सुटत होते. कुठे ओढ नाही, कुठे कळ नाही. कितीतरी दिवसांनी पाय पडत नव्हता, पाय टाकला जात होता.

चौथी आली. छातीभर अंतराने पदक गेलं.

रामदास धावत आला. चेहरा उतरलेला. "चौथी?" तो म्हणाला. "येवढा इसावा घिऊन बी चौथी?"

त्या क्षणी मला वाटलं, आता संपलं. बाई मान खाली घालेल आणि मी माळ्यावर जाईन. शालन गुडघ्यांवर हात ठेवून दम खात होती. ती हळूहळू सरळ झाली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "दोन वर्सं जुपलीत मला. आठ दिसांत भरून निघंल व्हय?"

तिने वाकून माझी सुतळी सोडली.

"मी पळायचं सोडत न्हाई. हिवाळ्यात पुन्हा हीच शर्यत हाय. कांदा लागवडीला मी वाकनार न्हाई. आत्ताच सांगते, मंग मानसं मिळाली न्हाईत म्हनू नका."

आजूबाजूच्या चार बायका, तिच्याच वयाच्या, तिच्याच शर्यतीत पळलेल्या, पाणी पिता पिता थांबल्या होत्या. पहिली आलेली बाई सोलापूरकडची होती. ती आपल्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलं का हो?"

मित्रांनो, पुढच्या हिवाळ्यात मी नसेन. माझा तळ फाटलाय, दोन खिळे गंजून आतच बसलेत. शालन नवा जोड घेईल आणि तो घ्यायलाच हवा. मला पॉलिश नको, कपाटात मानाची जागा नको. तुम्ही बूट नीट ठेवा, नाडी उंदरापासून जपा, हे सांगायला मी इतका बोललो नाही. आज घरी गेलात की बघा, सगळ्यांच्या पायाखालचं उचलत सबंध दिवस कोण पळतं. तिला कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली पाहिलीत तर तिच्या वयाबद्दल चकार शब्द काढू नका. तिच्या हातातली बादली घ्या.