मधला बॉल

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. चला, झाकण तरी बोललं, असं नूतनच्या मनात आलं. तिनं गॅस बारीक केला. दोघं भाऊ एकाच सतरंजीवर बसून चहा पीत होते, पण धनाजीचं तोंड अंगणाकडं आणि इंद्रजितचं मोरीकडं. मधे तिची लेक शेफाली बसलेली, कपात खारी बुडवत.

"शेफे," धनाजी म्हणाला, "तुझ्या बापाला इचार, मोटार चालू केली का."

"बाबा, तात्या विचारतात, मोटार चालू केली का."

"केली म्हणावं."

"तात्या, केलीय."

हाताच्या अंतरावर बसलेली दोन माणसं, आणि त्यांच्यात निरोप पोचवणारी ही एवढीशी पोर. वर्ष उलटलं, हे असंच चाललं होतं.

वर्षापूर्वी अण्णा गेले. तिचे सासरे. सासूबाई तर लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळं ह्या घराला धरून ठेवणारं माणूस ते एकच होतं. नसरापूरहून वेल्ह्याकडं जाताना रस्त्याला लागून त्यांचं रान. तिथल्या खळ्याच्या जागेवर इंद्रजितनं पॅडेलचा, म्हणजे टेनिससारख्या एका खेळाचा, क्लब काढला. क्लब म्हणजे काय, काचेच्या भिंतींचं एक कोर्ट, पत्र्याची शेड, चार बाकं आणि थोरल्या जाऊबाई साधनाताईंच्या हातचं पिठलं. पण शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येत. अण्णांना मोठी गंमत वाटायची. "काचंत कोंडून चेंडू बडवत्यात," म्हणायचे, आणि ओट्यावर बसून तासन्‌तास बघायचे.

ते गेले तेव्हा इंद्रजित त्या काचेच्या आत पाहुण्यांना खेळ शिकवत होता. मोबाईल बॅगेत. अण्णांचं डोकं धनाजीच्या मांडीवर. त्यांनी 'इंदा' म्हणून दोनदा हाक मारली. धनाजीनं ओट्यावरून जिवाच्या आकांतानं आरोळ्या दिल्या, पण आत बॉलचा ठकठकाट आणि पोरांचा दंगा. नूतन आणि साधनाताई शेफालीला घेऊन भोरला बाजाराला गेलेल्या. इंद्रजित पाणी प्यायला घरी आला तेव्हा सगळं संपलं होतं.

"एकदा पळत आला असतास तर?" तो म्हणाला.

"आणि त्यांचं डोस्कं भुईवर ठिवलं असतं?" धनाजी म्हणाला.

दोघांनी एकमेकांशी बोललेलं ते शेवटचं. कुणाचं चुकलं होतं? नूतननं ह्या गोष्टीवर इतकी धुणी धुतली, इतक्या भाकरी थापल्या, तिला उत्तर सापडलं नाही.

वर्षाच्या आत घर फोडू नये म्हणतात, म्हणून धनाजी थांबला होता. वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या आठवड्यात अंगणात टेम्पो येऊन विटा उतरल्या. दारापासून विहिरीपर्यंत भिंत घालायची. इकडची चूल इकडं, तिकडची तिकडं.

"दोघा भावांना एक शब्द बोलायला लावलं ना ताई, तर भिंत होणार नाही," नूतन जावेला म्हणाली.

साधनाताई तांदूळ निवडत होत्या. "आमच्या ह्यांचं तोंड म्हंजी आपल्या गावची एस्टी. आली तर आली. तू स्टँडावर हुबी ऱ्हाऊन काय करणार?"

पण नूतनच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. लेकीला झोपवताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती तेच घोळवत राहिली. पॅडेल जोडीनं खेळतात. बॉल काचेवर आपटून कुठूनही येतो, म्हणून जोडीदारांना सारखं ओरडावं लागतं, 'माझा', 'तुझा', 'सोड', 'घे'. गप्प बसून हा खेळ होतच नाही. नवरा-बायको घरी भांडून आलेली असली तरी कोर्टात ओरडतात, आणि ओरडता ओरडता बोलायला लागतात. तिनं कितीदा पाहिलेलं.

म्हणून तिनं क्लबची स्पर्धा ठरवली. स्पर्धा नावाची, खरं तर रविवारची करमणूक. कप नाही, पंच नाही. आठ माणसं, आणि दर डावाला जोड्या बदलायच्या, म्हणजे प्रत्येकजण प्रत्येकाबरोबर एकदा तरी खेळणार. हरेल त्यानं बसलेल्यांना चहा द्यायचा. जाताना सगळ्यांना इंद्रायणी तांदळाची पिशवी. मोबाईलवर निरोप गेले आणि नावं भराभर आली. तिनं इंद्रजित धरून सात घेतली आणि थांबली.

शनिवारी संध्याकाळी तिनं शेफालीला पुढं घातलं. "तात्यांना सांग, उद्या पाहुणे येणार आणि एक माणूस कमी पडतंय."

धनाजी बैलांना वैरण टाकत होता. नूतन दाराआड उभी. तिला ठाऊक होतं, ह्या गावात इर्जिकीला, एकाचं रान सगळ्यांनी मिळून नांगरायला, बोलावलं तर वैऱ्याच्या रानातही औत घेऊन जातात. हात कमी पडतोय म्हटल्यावर नाही म्हणायची रीत नाही. आणि धनाजी रीत मोडणाऱ्यातला नव्हे.

त्यानं पेंढी सोडली, झटकली. "आईला म्हणावं, येतो."

नूतनला वाटलं, आत जाऊन साखर खावी.

रविवारी ऊन छान पडलं. पुण्याच्या मंडळींनी गाड्या लावल्या, बूट बदलले, तोरण्याकडं पाठ करून फोटो काढले. नसरापूरचं औषधांचं दुकान सांभाळणारा सिद्धनाथ आला, आल्या आल्या पोटावरून हात फिरवत म्हणाला, "वहिनी, आदी पिठलं ठिवता का मग? हरल्यावर गोड लागत न्हाई." सगळे हसले. डाव सुरू झाले. चहाच्या किटल्या फिरल्या. पुण्याच्या एक डॉक्टरबाई होत्या, त्या चुकल्या की स्वतःच टाळ्या वाजवायच्या. धनाजी पायजमा खोचून खेळत होता, आणि चांगला खेळत होता. कोर्ट नवं असताना भावानंच त्याला शिकवलेलं. परक्यांबरोबर तो मोकळेपणानं ओरडत होता, "घ्या ताई, तुमचा!" नूतन काचेबाहेर उभी राहून ऐकायची आणि तिचा जीव वरखाली व्हायचा. ओरडतोय. म्हणजे ओरडेल.

भावांचा डाव तिनं जेवणाच्या आधीचा, शेवटचा ठेवला होता.

ते दोघं कोर्टाच्या एका बाजूला उभे राहिले. समोर सिद्धनाथ आणि डॉक्टरबाई. पहिलाच बॉल दोघांच्या बरोबर मधून गेला. कुणी हललं नाही.

"कुनाचा व्हता रं त्यो?" सिद्धनाथ ओरडला. "दोघांचाबी न्हाई? मंजी आमचा!"

दुसराही तसाच गेला. इंद्रजितनं कपाळावरचा घाम पुसला. नूतननं काचेवर तळवा टेकला. बोला ना. कुणीतरी बोला.

आणि धनाजी बोलला. मागं वळून, काचेला नाक लावून उभ्या असलेल्या शेफालीशी.

"शेफे, तुझ्या बापाला सांग, मधला बॉल मी घेतो."

शेफाली धावली. कोपऱ्यातल्या तारेच्या जाळीशी गेली, तोंड जाळीला लावून म्हणाली, "बाबा, तात्या म्हणतात, मधला बॉल ते घेणार."

"घ्या म्हणावं. मी कुठं धरून ठेवलाय."

"तात्या, घ्या म्हणे!"

बाकावर हशा उसळला. पुण्याच्या कुणीतरी मोबाईल काढला. "अहो, हे तर भारीच आहे! दुभाषी ठेवलाय!" सिद्धनाथला सगळं माहीत होतं, तो हसला नाही. त्यानं पुढचा बॉल मुद्दाम हळू, सोपा दिला.

हे नूतनच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या जगाला ह्या खेळात बोलावं लागत असेल, पण त्यांच्या घरात शेफाली होती.

आणि ही वाट पाडली कुणी? तिनंच. लग्न होऊन आली तेव्हा मोठ्या दिरांशी समोर उभं राहून बोलायचं नाही ही तिच्या माहेरची शिकवण. पदर सावरून बाजूला व्हायचं. शेफाली बोबडं बोलायला लागली तशी किती सोय झाली! 'तात्यांना विचार, जेवायला वाढू का.' 'तात्यांना सांग, ऊन तापलंय, टोपी घाला.' पोर दुडुदुडु धावायची, तात्या तिला उचलून उत्तर द्यायचे, आणि घर हसायचं. त्या वाटेवरून मान जायचा, माया जायची. अबोल्याला वेगळी वाट शोधावीच लागली नाही.

शेफालीला मात्र आपण केवढं मोठं काम करतोय असं वाटत होतं. गाल लाल, केस विस्कटलेले, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. "बाबा, पुढं या म्हणतात!" "तात्या, काचेवरचा सोडा म्हणतात!" ती सांगून होईतो बॉल येऊन गेलेला असायचा. मग ती अजून जोरात पळायची.

शेवटचा बॉल डॉक्टरबाईंच्या रॅकेटला कसाबसा लागून उंच उडाला. उन्हात गेला. दोघं भाऊ माना वर करून मागं मागं सरकत आले, इतके जवळ की खांद्याला खांदा लागला. खूप दिवसांनी लागला असेल. इंद्रजित थबकला. धनाजीनं भावाकडं पाहिलं. नूतननं स्पष्ट पाहिलं, त्याचे ओठ उघडले, आता तो म्हणणार, 'इंदा, घे.'

"शेफे..." तो म्हणाला.

बॉल दोघांच्या मधे पडला, एक टप्पा खाल्ला, आणि घरंगळत जाळीशी जाऊन राहिला.

टाळ्या झाल्या. सगळ्यांना डाव फार आवडला होता.

धनाजी बाहेर आला. रॅकेट बाकावर नीट ठेवली. नूतन तिथंच उभी होती, त्याला तिच्या बाजूनंच जायचं होतं.

"शेफे, आईला म्हणावं, पावनं खूश झाले. आनि सांग, गवंडी उद्या येतोय. अंगणातली बाज आत घ्या."

शेफाली आईकडं वळली, सांगायला तोंड उघडलं. नूतननं तिच्या ओठांवर हळूच बोट ठेवलं. दहा वर्षांत जे केलं नाही ते तिनं केलं. पदर तसाच राहू दिला, मान वर केली आणि म्हणाली,

"दादा, भिंत नका घालू."

धनाजी जागीच थांबला. काचेआड इंद्रजितनंही ऐकलं, त्याच्या हातातला बॉल तसाच हातात राहिला. धनाजी भुईकडं बघत होता. त्याच्या मानेवरची शीर हलताना दिसली. त्याला राग आला होता की लाज वाटली होती, की नुसतंच रडू येत होतं, नूतनला कळलं नाही. मग त्यानं हात शेफालीच्या डोक्यावर ठेवला.

"आईला म्हणावं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पानं घ्या. लोकं उपाशी हायेत."

आणि गोठ्याकडं निघून गेला.

जेवणं झाली. तांदळाच्या पिशव्या गेल्या. 'पुढच्या महिन्यात परत ठेवा हं' म्हणत गाड्या गेल्या. साधनाताईंनी भांडी घासली, एका शब्दानंही 'मी सांगत नव्हते का?' म्हणाल्या नाहीत. फक्त जाताना नूतनच्या पाठीवरून ओला हात फिरवला. दिवेलागणीला इंद्रजितनं बाज एकट्यानं उचलून आत आणली.

नूतन शेफालीचे पाय धूत होती. टाचांना धूळ, एका बोटाला खरचटलेलं. पोर दिवसभर निरोप पोचवून पोचवून दमली होती, पण डोळे टक्क उघडे.

"आई, शेवटचा बॉल माझ्यामुळं पडला का गं?"

"नाही गं माझ्या राणी."

"मी पळत होते. तात्यांनी हाक मारली, आणि मी पळतच होते. पण तेवढ्यात पडला."

"तुझं काही चुकलं नाही हं. काहीच नाही." नूतननं तिचा ओला पाय उराशी धरला, पोलकं ओलंचिंब झालं तरी सोडला नाही.

शेफालीनं थोडा विचार केला. बाहेर कुणीतरी विटांवर ताडपत्री ओढत होतं, तिचा आवाज येत होता.

"मग कुणामुळं पडला?"