गोजीची खुटकटाई

चंद्रपूरकडच्या मूल गावात, राइस मिलमागच्या आळीत देवाजी खोब्रागडे एकटाच राहतो. बत्तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी करून तो निवृत्त झाला. बायको त्याआधीच गेली. मुलगी नंदिनी नाशिकला नर्स आहे. देवाजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी तिनं कुरिअरनं गोजीची दोन रोपं पाठवली. लवंगी मिरचीएवढी लाल फळं येतात, डोळ्यांना चांगली म्हणतात, असं ती फोनवर म्हणाली.

देवाजीनं रोपं कुंपणाच्या भिंतीलगत लावली, शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. रोपं वाढली, आणि मग वाढतच सुटली. फांद्या पुरुषभर उंच गेल्या, तिथून वाकून जमिनीला टेकल्या, टेकल्या तिथं मुळं धरून पुन्हा उठल्या. धोतर अडकेल असे काटे आले. पावसाळ्यात पानांवर पिठासारखी भुरी पडे. जांभळी फुलं दिसत चार-दोन, फळ मात्र एक नाही.

"बाबा, कापा ना ते," नंदिनी म्हणे. "फेब्रुवारीत अर्धं कापायचं असते. फळ नव्या फुटीवर येते."

"कापतो," देवाजी म्हणे.

तिनं कात्रीही पाठवली. दोन फेब्रुवारी गेले. कात्री पाकिटातून निघाली नाही.

झाडावर त्याची माया होती असं नाही. सवय आड येत होती. नोकरीत रानात कुठं कुऱ्हाडीचा घाव ऐकू आला की पाय तिकडं वळत. कोणी तोडलं, काय तोडलं, बुंधा किती जाड, हे कागदावर येई. दुसऱ्या फेब्रुवारीत तो एकदा झाडापाशी गेला, फांदी हातात धरली, आणि कोणी बघत आहे का हे पाहून घेतलं. मग स्वतःचाच राग आला आणि तो आत जाऊन भात टाकायला लागला.

तिसऱ्या फेब्रुवारीत, बाजाराच्या दिवशी, सुकरी शिंदीचे फडे विकत आळीत आली. जंगलातल्या एका टोल्यावरची, चार घरांच्या पाड्यावरची, पन्नाशी ओलांडलेली गोंड बाई. देवाजीनं झाडायला एक फडा घेतला. तिनं पाणी मागितलं. पिता पिता तिची नजर भिंतीकडं गेली.

"हे कायचं झुडूप होय भाऊ?"

"गोजी. बाहेर देशातलं हाय."

"फर येते?"

"अजून नाई आलं."

"येईन कसं? कापत काऊन नाई?" तिनं लोटी खाली ठेवली. "तेंदूची खुटकटाई नाई केली तं पान येते का बरं? जुनं पान जाड, फाटकं. बुडातून कापलं का मंग कवरं येते."

हे देवाजीला तिनं सांगायची गरज नव्हती. दर हंगामात मजुरांच्या मागं उभं राहून, जमिनीलगत कापा, असं ओरडणारा तोच होता.

सुकरी त्याच्याकडं पाहत राहिली. "तुमी जंगलाचे नाकेदार होते ना? मी फाटकातूनच ओरखलं. माही कुऱ्हाड नेली होती तुमी."

देवाजीनं आठवून पाहिलं. कुऱ्हाडी पुष्कळ होत्या. "कवा?"

"मोठी पोरगी पोटात होती तवा. घराच्या आड्याले लाकूड तोडलं होतं."

"मंग?"

"मंग काय. लोहाराकडून दुसरी करून घेतली."

बस चुकली होती, मग दुसरी मिळाली, अशा आवाजात ती बोलली. कायदाच तसा होता, हे वाक्य देवाजीच्या ओठावर आलं. त्यानं ते तिथंच ठेवलं. आत जाऊन त्यानं पाकीट फोडलं आणि कात्री आणून तिच्या हातात दिली.

"तूच काप बाई."

सुकरीनं पहिल्या झाडाभोवती एक फेरी मारली. बुडाजवळचे सगळे फुटवे काढले. जमिनीला टेकलेल्या फांद्या काढल्या. सर्वांत जाड एक खोड कमरेइतकं ठेवलं, बाजूच्या फांद्या वीतभर. झाडाचा नुसता खुंट राहिला. भिंतीवरचा चुन्याचा डाग कितीतरी दिवसांनी दिसला.

"ते दुसरं तुमी कापा," ती म्हणाली, फड्यांचा भारा डोक्यावर घेतला आणि गेली.

देवाजीनं कापलं. शेंडे कापले. टीचभर इथून, टीचभर तिथून. दुपार गेली तरी झाड होतं तेवढंच दिसत होतं.

पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात दोन्ही झाडं जेमतेम तगली. पाऊस लागल्यावर सुकरीच्या खुंटाला आठ-दहा सरळ कोंब फुटले. देवाजीनं त्यांना बांबूचा आधार बांधला. पोळ्यानंतर त्यावर फुलं आली आणि दिवाळीपर्यंत लाल फळं लोंबू लागली. त्याच्या स्वतःच्या झाडाला शेंड्याशेंड्यावर पानांचा झुबका आला. फळं सात. त्यानं मोजली.

नोव्हेंबरात सुकरी पुन्हा आळीत आली. देवाजीनं वाटीत फळं घालून, डोळ्यांना चांगली असतात असं सांगून, तिच्यापुढं ठेवली. तिनं एक चावलं. जरा गोड, जरा कडवट, टमाट्यासारखं काहीतरी.

"याच्यापक्षा चार बरी," ती म्हणाली. चारोळीचं फळ म्हणजे चार. तरी तिनं उरलेली पदरात बांधली, नातीला दाखवायला.

"दिसते का आता चांगलं?" तिनं विचारलं.

"होतं तसंच हाय."

ती हसली. देवाजीही हसला. मग तो म्हणाला, "ते लाकूड... घराले होतं, असं तवा सांगितलं होतं का तू?"

"सांगितलं होतं."

"हं," देवाजी म्हणाला. त्यानं रिकामी वाटी उचलली. सुकरी उठून पुढच्या घराकडं गेली.

फेब्रुवारी लागला. सुकरी त्या बाजाराला आली नाही, आणि देवाजीनं तिची वाटही पाहिली नाही. सकाळच्या थंडीत तो दुसऱ्या झाडापाशी उकिडवा बसला. सर्वांत जाड फांदीला बुडाशी कात्री लावली आणि दोन्ही हातांनी दाबली. फांदी पडली. त्यानं स्टूल ओढून चहा घेतला, मग उठून बाकीच्या कापायला लागला.